न आलेल्या पाहुण्यांची पेटी

सावरटोला, पो. वडसा, जि. चांदा
१० ऑक्टोबर १९५५

चि. रंभे,

आशीर्वाद आधी घे, भांडण मागून करते. पुढल्या महिन्यात दिवाळी, भाऊबीज झाली की आपल्या गावची मंडईची जत्रा. बाबांनी या वर्षीही पाहुण्यांच्या जागेसाठी तुझंच नाव धरलंय. तू मुंबईला जाऊन नट्यांत बसलीस, तुझी गाणी वडशाच्या पानठेल्यावर वाजतात, पण बाबांच्या, तुझ्या सख्ख्या मामाच्या, बाहुल्यांच्या खेळाला तू एकदाही आली नाहीस. लोक विचारतात, मी काय सांगू?

तू विसरली असशील म्हणून सांगते. खेळ सुरू होण्याआधी पडद्याशेजारच्या बाकावर पाहुणा बसतो. आपला विदूषक दसरू त्याच्यापुढे येऊन तीनदा विचारतो, "पाहुनं, नाव काय, गाव कोनतं?" पाहुण्यानं आपल्या तोंडानं नाव-गाव सांगायचं. मग त्याच्या चेहऱ्याची बाहुली बाबा त्याच्या हातात देतात आणि ती तो घरी नेतो. जो येत नाही त्याची बाहुली पेटीत राहते.

पेटी आता भरत आली. भंडाऱ्याचा तो पहिलवान म्हणाला होता, मी लाकडाशी बोलत नाही. बाबांनी त्याला खेळात जात्यावर दळायला बसवलंय. नागपूरच्या रेडिओवरच्या गाणाऱ्या बाईंची नागभीडला छोटी गाडी हुकली आणि त्या तिथूनच माघारी फिरल्या, त्या आता कोंबड्या हाकतात. मंत्र्यांनी नुसती तार पाठवली, त्यांना चोराच्या घरी राखणीला ठेवलंय. बाबा म्हणतात, "आलेल्यायनं मान देल्ला, न आलेल्यायनं खेळ देल्ला."

तुझी बाहुली मात्र ते कोणत्याही कामाला लावत नाहीत. सावरीच्या लाकडाची आहे, हिरवं लुगडं नेसवलंय. मी एकदा म्हटलं, हिला राणी करू. तर म्हणाले, "नाई. ते तिची ती घेऊन जाईन."

तुझी आई गेल्यावर या माणसानं तुला पडद्यामागं, दोऱ्यांच्या खाली झोपवून वाढवलंय. एवढं ध्यानात ठेव आणि उत्तर दे.

तुझी इंदुताई


दादर, मुंबई
२ नोव्हेंबर १९५५

ती. इंदुताईस नमस्कार,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग दार लावून घेतलं. पहिलवान जात्यावर बसलाय हे इथे कोणाला सांगून कळायचं नाही.

मंडईच्याच आठवड्यात माझ्या गाण्याचं चित्रण आहे. पंचवीस मुली मागे नाचणार, सेट उभा झालाय. मी नाही म्हटलं तर त्या सगळ्यांचं काम बुडेल. मामांना म्हणावं, राग धरू नका, मला जात्यावर बसवा. मी आनंदानं दळीन.

एक गंमत सांगते. निघताना मामांनी मला दिलेली, बाहुल्यांच्या आवाजाची बोलती अजून माझ्या रंगाच्या डबीत आहे. बांबूच्या त्या दोन चिपा इथल्या कोणी पाहिल्या तर दात कोरायची काडी समजतील. कधी एकटी असले की टाळूला लावते आणि दसरूसारखी शीळ घालते. गळ्याला काही कष्ट नाहीत, नुसता वारा सोडायचा. तुला ती कधीच जमली नाही, आठवतं? शिळेपेक्षा थुंकीच जास्त, आणि मामा पंच्यानं तोंड पुसत म्हणायचे, "राहू दे व इंदे, तू आपली रांधायले बरी."

पुढच्या वर्षी नक्की.

तुझी रंभा


सावरटोला
१५ डिसेंबर १९५५

चि. रंभे,

मंडई झाली. धान कापून गाव मोकळं होतं, गर्दी खूप होती. शिंगाडे, ऊस, पिपाण्या, सगळं नेहमीसारखं. दसरूनं रिकाम्या बाकाला तीनदा विचारलं आणि कपाळाला हात लावला. लोक हसले. हे म्हणजे आमचे नथ्थूराव ढोलकीवर होते. बाबा बोलतीतून शीळ घालतात आणि हे ती माणसाच्या बोलीत लोकांना सांगतात, तुला माहीतच आहे. "पाहुनी मोठी झाली, बाक लहान पडला" असं ते आपल्या पदरचं बोलले. बाबांना ते आवडलं नाही. घरी आल्यावर जेवले नाहीत.

आणखी एक. या खेपेला बाबांनी चोराची दोरी समजून राजाची ओढली. मी म्हटलं डोळे दाखवू, तर म्हणतात, "डोयाले काय झालं? राजाच चोर हाये." हसण्यावारी नेतात, पण भाकरी चाचपून उचलतात. तुला काळजी नको म्हणून लिहिणार नव्हते, लिहून गेले.

इंदुताई


दादर, मुंबई
२१ ऑक्टोबर १९५६

ती. इंदुताईस नमस्कार,

पत्राला उशीर झाला, माफ कर. गळा जरा बसला होता. डॉक्टरांनी मौन सांगितलं. आता बरं आहे. एका चित्रासाठी बाहेरगावी जायचं ठरलंय, दिवाळी तिकडेच होईल. मामांना सांग, पुढची मंडई माझी.

मामांच्या डोळ्यांचं काय झालं? मोठ्या दवाखान्यात न्या.

रंभा


सावरटोला
८ सप्टेंबर १९५७

चि. रंभे,

गेल्या वर्षीच्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चार ओळींना काय उत्तर द्यायचं? आज बाबांनी बसवून लिहायला लावलंय.

त्यांना आता काही दिसत नाही. नागपूरला नेलं होतं, उशीर झाला म्हणाले. उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. बाहुल्या बोटांनी ओळखतात, दोऱ्या हे हातात देतात. या मंडईनंतर खेळ बंद करायचा असं त्यांनी ठरवलंय. पुढचं त्यांच्या शब्दांत लिहिते, म्हणजे मी वाढवून सांगितलं असं तुला वाटायला नको.

"रंभे, तू कशी दिसतं ते मले आता दिसनार नाई. सिनेमातल्यावानी नटून नको येऊ, मले काय त्याचं? त्या बाकावर बस आन एकडाव तोंडानं सांग, मी रंभा, सावरटोल्याची. तुह्या मायचा गळा तुह्यात हाये. तो आयकला का मी पेटीले कुलूप लावतो. दुसरं काई मांगत नाई."

एवढं बोलून ते उन्हात जाऊन बसले. रंभे, मी आजवर तुला रागानं लिहिलं, आज हात जोडून लिहिते. भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी मंडई आहे. दिवस कलताना खेळ लागेल. एक वाक्य बोलायला ये. मग त्याच गाडीनं परत गेलीस तरी मी अडवणार नाही.

इंदुताई


दादर, मुंबई
१ ऑक्टोबर १९५७

ती. इंदुताई,

येते. स्टेशनवर कोणाला पाठवू नका.

रंभा


दादर, मुंबई
४ नोव्हेंबर १९५७

ती. इंदुताईस नमस्कार,

रंभा आली नाही असं गावात सगळे म्हणत असतील. म्हणू देत. मामांना विचार, त्यांना माहीत आहे. किती दिवसांनी मी सुखात आहे हे तुला लिहून सांगता यायचं नाही. त्यांची तब्येत कळव.

तुझी रंभा


सावरटोला
२६ जानेवारी १९५८

रंभा,

बाबा गेले. पौषात, दुपारी, अंगणात ऊन खात बसले होते तिथेच. मी शेण घेऊन आले तोवर मान कलली होती. तार करणार होते, मग म्हटलं, तार गेली काय आणि न गेली काय.

तू सुखात आहेस हे तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. "मामांना माहीत आहे" असं तू लिहिलंस. मी विचारलं, काय माहीत आहे बाबा? म्हणाले, "मले काय मालूम? तिले फुरसत नाई, हे मालूम हाये." आणि विषय सोडला. तुझ्याविषयी एक वावगा शब्द त्या माणसानं कधी काढला नाही, म्हणून तो राग मला काढावा लागतो.

ऐक आता, तुझ्यावाचून मंडई कशी झाली ते. बाकावर घोंगडी अंथरली होती. तिच्यावर तुझी बाहुली ठेवली, हिरवं लुगडं धुवून नेसवलं होतं. तू येणार म्हणून आरमोरीपर्यंतचे लोक आले. दसरूनं एकदा विचारलं. दोनदा विचारलं. बाबा शीळ घालायचे, हे ती लोकांना सांगायचे. तिसऱ्यांदा विचारल्यावर बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी पिपाणी वाजवली. मंडईत पोरांच्या हाती पिपाण्याच पिपाण्या, कोणाला धरणार? मी तोंडात आलं ते बोलले आणि पदर खोचून उठले. पण बाबा हसले. दोऱ्या हातात तशाच धरून, मान तिरकी करून हसले. मला वाटलं, पोराची चेष्टा त्यांनी पोटात घातली.

रात्री भाकरी वाढताना मला म्हणतात, "इंदे, कवा शिकली व तू? अगदी रंभीवानी फुकलीस." मी म्हटलं, मी नाई बाबा, ते कोणतं तरी पोट्टं होतं पिपाणीवालं. म्हणाले, "मले पिपानी आन बोलतीतलं कळत नाई? बोलतीच व्हती. बापाचं मन राखलंस, आता लपवतं काऊन?" मी म्हटलं, मग रंभीच आली असेल. तर म्हणाले, "असा गळा असून ते बोलती काऊन वाजवन? मानसानं तोंडानं बोलावं, बाहुलीनं बोलतीनं. हे तिले मी शिकवलं नाई का?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आपली बोलती माझ्या हातात द्यायचे. "एकडाव वाजव. तसंच वाजव." मला येत नाही रंभे, मला कधीच आली नाही. मी फुंकत बसायची आणि थुंकी गळायची. ते वाट पाहत बसायचे, मग म्हणायचे, "मनातून नाई वाजवत तू. रागावली असशीन बापावर." जायच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी ती पुढे केली. मला स्वयंपाक होता. मी म्हटलं, उद्या.

माझा बाप माझ्यावर रुसून गेला आणि त्याचं कारण तू आहेस, कारण त्या बाकावर तू असायला हवी होतीस.

बाहुल्या करणारा गेला की न आलेल्या पाहुण्यांच्या बाहुल्या त्याच्यासोबत नदीला जातात, ही आपल्या घरची रीत. आता त्यांना बोलावणार कोण? वैनगंगेत राख सोडली, मागोमाग पहिलवान सोडला, गाणाऱ्या बाई सोडल्या, मंत्री सोडला. तुझीही सोडली. हात थांबला नाही माझा.

आता पत्र पाठवू नकोस.

इंदू


दादर, मुंबई
९ फेब्रुवारी १९५८

ती. इंदुताई,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते. हे एक वाच आणि मग चुलीत घाल.

ती पिपाणी नव्हती. मामांचा कान बरोबर होता. ती मी होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात गाठ निघाली. छप्पन सालच्या उन्हाळ्यात ती कापून काढली. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. बसला नाही ताई, गेला. तोंड उघडलं की नुसता वारा येतो. मी मोलकरणीलाही पाटीवर लिहून सांगते. बाहेरगावचं चित्रण वगैरे सगळं खोटं होतं. इथे माझ्याकडे आता कोणी येत नाही. एकदोघांनी दुसरीचा आवाज लावून काम देऊ म्हटलं होतं, पुढे तेही विसरले. तुम्हाला कळवलं असतं तर मामा म्हणाले असते, माझ्या बहिणीचा गळा या पोरीनं कुठे हरवला? त्यांच्यापाशी बहिणीचं तेवढंच राहिलं होतं. मला ते जमलं नाही.

मग तुझं ते पत्र आलं. दिसणार नाही, पण ऐकायचं आहे. मी ते वाचून भिंतीला टेकून बसले. चेहरा मागितला असता तर धावत आले असते. त्यांनी नेमकं तेच मागितलं.

येते लिहिलं तेव्हा खरंच येऊन सगळं सांगायचं ठरवलं होतं. गोंदियाला छोट्या गाडीत बसले, वडशाला उतरले, पायी आले. अंगावर जुनं लुगडं, डोक्यावरून पदर. कोणी ओळखलं नाही. एका म्हातारीनं मला शिंगाडे दिले आणि म्हणाली, "रंभा येते म्हंते आज, सरकून बस माय." नथ्थूभाऊजी मामांचा हात धरून त्यांना पडद्यामागं नेत होते. मामा नवं धोतर नेसले होते, दाढी केली होती. बाक पाहिला. त्यावर बसून मी मुकी राहिले तर सगळ्या मंडईसमोर मामांचं काय होईल, या भीतीनं मी बायकांतच बसले. दसरूनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पदरात तोंड खुपसलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोलती टाळूला लावली आणि लहानपणी मामांनी शिकवलं होतं तसं नाव-गाव वाजवलं.

तू रागानं उठलीस ते मी पाहिलं. माझ्यापासून दोन हातांवरून गेलीस तू. पण माझं लक्ष मामांकडे होतं. पडद्याच्या कडेनं त्यांचा चेहरा दिसत होता, त्यावर ऊन पडलं होतं. ते हसले. मला वाटलं, ओळखलं त्यांनी. माझ्या गळ्याचं काय झालं हेही त्यांना कळलं आणि त्यांनी ते पदरात घेतलं, असं मला वाटलं. मी त्याच आनंदात उठले आणि स्टेशनवर जाऊन बसले. त्यानंतरचे सगळे दिवस मी त्या एका हसण्यावर काढले. तुला सुखात आहे असं लिहिलं ते त्याच्याच जोरावर.

ते हसणं तुझ्यासाठी होतं, हे आता कळलं.

बाहुली सोडलीस ते बरं केलंस. मी आले नव्हतेच.

रंभा


सावरटोला
२० फेब्रुवारी १९५८

चि. रंभे,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. ह्यांना वाचून दाखवलं, तर ते ढोलकी घेऊन गोठ्यात जाऊन बसले, वाजवली मात्र नाही. मी नदीवर गेले. पाणी ओसरलंय, वाळू उघडी पडलीय. बाबांना जिथे सोडलं तिथे उभं राहून मी मोठ्यानं सांगितलं, बाबा, रंभा आली होती. पलीकडे टरबुजाच्या वाडीत काम करणारी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. जिवंतपणी सांगायला हवं होतं ते नदीला सांगून काय मिळतं?

मी माझा राग सोडला असं समजू नकोस. आधी तू आली नाहीस म्हणून रागावले होते, आता येऊन गेलीस म्हणून रागावलेय. बाबांना दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं ना? दोन हातांवरून मी गेले तेव्हा माझं लुगडं धरून ओढायचंस. पदर बाजूला करायचास. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर सगळं समजले असते.

तू पडद्यामागं वाढलीस आणि एवढी साधी गोष्ट विसरलीस. बोलती एकटी कधी बोलत नाही. जन्मभर बाबांनी शीळ घातली आणि शेजारी बसून कोणीतरी तिचे शब्द केले, आधी तुझ्या आईनं, मग ह्यांनी. तू वाजवायचंस, मी तुझ्या शेजारी उभी राहून सांगितलं असतं, ही रंभा, सावरटोल्याची, गळा गेलाय तिचा, पण आली आहे. बाबा रडले असते, आणि मग पेटीला कुलूप लावून भाकरी मागितली असती. एवढंच झालं असतं. त्याच्या भीतीनं तू दोन वर्षं घालवलीस आणि मी त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी उद्या म्हटलं.

तुझी बाहुली आता मिळणार नाही. सगळ्यांत हलकी तीच होती. पहिलवान लगेच बुडाला, तुझी मात्र वळणापर्यंत तरंगत गेली, हिरवं लुगडं मला खूप लांबवर दिसत होतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, जा. तो शब्द मी परत घेते.

पेटीत आता आपला दसरू आहे, राजा आहे, चोर आहे. सगळे मुके. बाबांची बोलती मी त्यांच्या पंच्यात बांधून ठेवलीय, ती कोणालाच येत नाही. यंदाच्या मंडईला ये. त्या बाकावर बसू नकोस, तो मी काढून टाकलाय. सरळ पडद्यामागं ये. तू वाजव, मी बोलते.

इंदुताई